तुझी पहिली भाषा

कुंदा,

हे मी मराठीत लिहितो आहे, म्हणजे तुझ्या दुसऱ्या भाषेत. तुझी पहिली भाषा कागदावर उतरत नाही, आणि उतरत असती तरी मला ती तीन वर्षांच्या पोराइतकीच येते. तेव्हा सांभाळून घे. "दादा, वाक्य लांब. मध्ये मी हरवते," असं तू एकदा वहीत लिहून दाखवलं होतंस. आखूड लिहायचा प्रयत्न करतो, पण चाळीस वर्षं मराठी शिकवल्याची सवय आहे, ती एका पत्रात जाणार नाही.

तुला जाऊन पंधरा दिवस झाले. लोक भेटायला येतात आणि म्हणतात, "तशा त्या शांतच होत्या हो." मी मान डोलावतो. त्यांना काय ठाऊक! तुझ्याइतकं आवाजी माणूस या इमारतीत दुसरं नव्हतं. तू कढई ओट्यावर ठेवायचीस ती आपटूनच. चपला फटाफटा वाजवत चालायचीस. हसायला लागलीस की खालच्या मजल्यावरून विचारणा व्हायची. ऐकू येणाऱ्या आम्हालाच दबकून वागायची सवय. तुला कुणी ती लावलीच नव्हती. तुझी माधुरीवहिनी गेल्यावर तू माझ्याकडे डोंबिवलीला राहायला आलीस, तेव्हा पहिला महिनाभर मी दचकत होतो. आता सकाळी कढई मीच ठेवतो. हळू ठेवली जाते, आणि मग दिवसच सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

मला कोपरीपासून सुरुवात केली पाहिजे.

ठाण्याच्या पूर्वेला, स्टेशनच्या अंगाला आपल्या त्या दोन खोल्या. बाबा कचेरीत कारकून. तू दीड वर्षाची असताना तापातून उठलीस, आणि एका संध्याकाळी आईच्या हातून तुझ्या पाठीमागे पितळी परात पडली. मी कानांवर हात घेतले. तू चुरमुरे वेचत बसली होतीस, तशीच वेचत राहिलीस. आईने परात उचलली आणि पुन्हा पाडली, मुद्दाम. मग ती तिथेच खाली बसली.

डॉक्टर झाले, वैद्य झाले. शेवटी एका मोठ्या तज्ज्ञांनी सांगितलं, "हिला हातवारे करू देऊ नका. हात चालले की जीभ आळशी होते. बोलायला लावा." ते काम माझ्याकडे आलं. मी नऊ वर्षांचा, तू तीन. शाळेतून आलो की तुला समोर बसवायचं, ओठांपुढे कागदाचा कपटा धरायचा आणि म्हणायचं, "प." कपटा जरासा हलायचा. "फ." कपटा उडायचा. मग तुझा तळवा माझ्या गळ्यावर ठेवायचा. "ब" म्हटलं की गळा थरथरतो, "प" म्हटलं की नाही. तू एक हात माझ्या गळ्यावर आणि एक स्वतःच्या गळ्यावर ठेवून, भुवया आवळून, ती थरथर शोधत बसायचीस. जग ज्याला उच्चारशास्त्र म्हणतं, ध्वनी कुठे निर्माण होतो, किती हवेने, गळा हलतो की नाही, ते सगळं मी तेव्हा शिकलो. पुस्तकातून नव्हे, तुझ्या तळव्याखाली.

पण पाण्याचा पेला मी उंच धरायचो आणि "पाणी" म्हटल्याशिवाय द्यायचो नाही, हेही खरं. तू पेल्याकडे बोट दाखवायचीस. मी तुझे दोन्ही हात माझ्या एका मुठीत धरायचो. तुझी मनगटं इतकी लहान होती की ती एका मुठीत मावायची.

तू शिकलीस बोलायला? "दादा" छान म्हणायचीस. बाकी शब्द घरच्यांनाच कळत. मात्र त्या काळात तू दुसरंच काही शिकत होतीस, ते माझ्या डोक्यात शिरायला सगळी हयात गेली. आरशापुढे उभं राहून आवाज न काढता कुणीही म्हणून बघावं: मामा, बाबा, पापा. ओठ तिन्ही वेळा अगदी एकसारखे मिटतात आणि उघडतात. ओठ वाचणाऱ्याला हे तीन शब्द म्हणजे एकच शब्द. एकदा मी "मामा आले" म्हटलं आणि तू बाबांचा पंचा घेऊन दाराशी धावलीस. दारात मामा. तू पंच्याकडे बघितलंस, मामांकडे बघितलंस आणि खदखदून हसलीस. त्यानंतर तू कधीच चुकली नाहीस. संध्याकाळी सहाला जे येतात ते बाबा, रविवारी दुपारी पिशवीतून फणस डोकावतो ते मामा. कानांचं काम तू घड्याळाकडून, पिशव्यांकडून, दारातल्या चपलांकडून करून घेत होतीस. चार-पाच वर्षांची पोर! आणि आम्ही शेजाऱ्यांना सांगत होतो, "समजत नाही हो तिला फारसं."

सातव्या वर्षी तुला मुंबईच्या निवासी शाळेत ठेवलं. तिथेही वर्गात हात बाकावर पालथे ठेवायची शिस्त होती. पण वर्ग संपला की वसतिगृहात मोठ्या मुली होत्या. पहिल्या दिवाळीला घरी आलीस तेव्हा तुझे हात बदलले होते. त्यांना घाई झाली होती. काहीतरी सांगायला ते वर यायचे, मग माझ्याकडे बघून तू ते मांडीखाली घालायचीस. मी आईला म्हणालो, "हिला तिथे वाईट सवय लागली आहे."

ज्याला मी वाईट सवय म्हटलं, ती तुला मिळालेली भाषा होती.

पुढे मी शिक्षक होण्यासाठी शिकायला लागलो, तू वसतिगृहातून पत्रं लिहायला लागलीस. "उद्या मी घर येणार. आंबा आणली छान." मी लाल शाईने 'घर'चं 'घरी' करायचो, 'आणली'चं 'आणला' करायचो आणि तेच पत्र माझ्या उत्तरासोबत परत पाठवायचो. हे मी प्रेमाने करत होतो, कुंदा. माझ्या बहिणीला मराठी नीट आली पाहिजे, असं मला मनापासून वाटायचं. विद्यार्थ्यांवरही मी असंच प्रेम केलं. आसपासच्या गावांतली आगरी मुलं "मना पानी पायजे" म्हणायची, आणि मी त्यांच्याकडून "मला पाणी पाहिजे" वहीत दहा वेळा लिहून घ्यायचो.

मग ते एक पत्र. त्याच्याकडे मी नंतर येतो. आत्ता हिंमत होत नाही.

आपण दोघं इथे राहायला लागलो, तेव्हा तू ठाण्याच्या कचेरीतून निवृत्त झालेली होतीस. तीस वर्षं सरकारी नकाशे ट्रेस केलेस. ओढलेली रेघ कधी थरथरली नाही, असं तुझे साहेब म्हणायचे. आपलं बोलणं चालायचं वहीतून. भाजी काय, दूध आलं का, लाइटचं बिल. दर रविवारी कल्याणहून हमीदा यायची, तुझी वसतिगृहापासूनची मैत्रीण, आणि तुम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसून हातांनी तासन्‌तास बोलायचात. मी पेपर घेऊन गॅलरीत जायचो. लग्नघरी दोन बायका कुजबुजत असल्या की पुरुष जसा उठून जातो, तसा.

दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरची ऋचा आली. एम.ए.ला भाषाविज्ञान घेतलेली मुलगी, हातात मोबाइल.

"काका, मी काल पण आलेले, तुम्ही नव्हतात. मला कुंदामावशींचा व्हिडिओ काढायचाय. प्रोजेक्टसाठी. मी साइन लँग्वेजवर काम करतेय."

"कसली लँग्वेज? खाणाखुणा आहेत त्या," मी म्हणालो. "भाषेला व्याकरण लागतं."

"आहे ना व्याकरण."

"अगं, ही तर चित्रं झाली. जेवण म्हणजे तोंडाकडे हात. ज्याला डोळे आहेत त्याला कळेल."

ऋचा हसली. "ओके, चॅलेंज. या दोघी पाच मिनिटं बोलतील. तुम्ही सांगायचं काय बोलल्या. बरोबर निघालं तर मी प्रोजेक्ट बदलते."

तुम्ही बोललात. मी चष्मा पुसून, नीट समोर बसून बघितलं. भाकरी थापल्यासारखं काहीतरी दिसलं, कुणी उंच माणूस दिसला. "हमीदाच्या घरी पाहुणा आलाय आणि स्वयंपाकाचा घाट आहे," मी ठामपणे सांगितलं. ऋचाने तुला हातांनी विचारलं, तू तिला सांगितलंस आणि तुम्ही तिघी हसत सुटलात. तुझं ते इमारतभर ऐकू जाणारं हसू!

"काका, त्या तुमच्याबद्दल बोलत होत्या. तुम्ही शर्टाची बटणं वरखाली लावलीत. सकाळपासून असेच फिरताय, भाजी घेऊन पण तसेच आलात, आणि तुम्हाला सांगायचं की मजा बघायची यावर त्यांचं डिस्कशन चाललेलं."

मी खाली बघितलं. खरंच वरखाली होती.

त्या दिवशी मी गॅलरीत गेलो नाही. त्यानंतर कुठल्याच रविवारी गेलो नाही. ऋचा व्हिडिओ थांबवून, मागेपुढे करून मला दाखवायची. तोच पंजा, तीच हालचाल, फक्त जागा बदलली, कपाळाऐवजी हनुवटी, की शब्दच वेगळा. "आपल्याकडे काल आणि काळ," ती म्हणाली. "एक ल, एक ळ. तेवढ्याने अर्थ पलटतो ना? तसंच. याला ध्वनिविचार म्हणतात. मावशींचा ध्वनी हवेत दिसतो, एवढंच." मला एकदम कोपरीचा कागदाचा कपटा आठवला, प आणि फ.

मग 'देणे' हे क्रियापद. 'मी तुला दिलं' म्हणताना तुझा हात तुझ्याकडून माझ्याकडे आला. 'तू मला दिलंस' म्हणताना माझ्याकडून तुझ्याकडे गेला. कर्ता, कर्म, सगळं एका फेकीत. मी वर्गात फळा भरून जे प्रत्यय शिकवले, ते तू मनगटाच्या एका वळणात बसवत होतीस. प्रश्न विचारताना भुवया वर जायच्या; त्या गेल्या नाहीत तर तो प्रश्नच नाही. मला वाटायचं, तू तोंडं वेडीवाकडी करतेस. तुझा चेहरा विरामचिन्हं देत होता.

आणि जागा! एका रविवारी तू आईबद्दल सांगत होतीस. सुरुवातीला तू तिला डावीकडे, फ्रिजच्या बाजूला हवेत ठेवलंस, आणि बाबांना उजवीकडे. नंतर अर्धा तास गोष्ट कुठल्या कुठे भटकून आली. मग तू नुसती नजर डावीकडे नेलीस, आणि हमीदाने मान हलवली. आई अजून तिथेच होती. मीही फ्रिजकडे बघितलं. आमची मराठी 'ती' म्हणते, आणि कुठली ती, हे ऐकणाऱ्याने शोधायचं. तू प्रत्येक 'ती'ला घर दिलं होतंस.

हमीदाला तेव्हा मी विचारलं, तुम्ही दोघी मला काय म्हणता? बहिऱ्या मंडळींत प्रत्येकाला हातांचं एक नाव असतं, हे ऋचाने सांगितलं होतं. हमीदा लाजली. तू मात्र ताबडतोब करून दाखवलंस: उजव्या हाताचं बोट डाव्या तळव्यावरून सर्रकन ओढलंस. चुकीच्या शब्दाखाली मारलेली रेघ. पन्नास वर्षं मुंबईपासून कल्याणपर्यंत तुझ्या सगळ्या मैत्रिणी मला या नावाने ओळखत होत्या, आणि मला पत्ता नव्हता.

आपलं भांडण मात्र चालू होतं. तुझ्या शाळेच्या स्मरणिकेसाठी मी लेख लिहिला, 'माझी मूकबधिर बहीण'. तू तो वाचलास, टेबलावरचं माझंच लाल पेन घेतलंस आणि 'मूक' शब्दावर काट मारलीस. वहीत लिहिलंस, "बहिरी मी. मुकी नाही."

"अगं, शब्द रूढ आहे," मी लिहिलं. "कोशात आहे."

"कोश लिहिला कोण? ऐकणारे."

मी रूढीचा मुद्दा सोडला नाही. शब्दाचा अर्थ वापरणारे ठरवतात, ज्याच्यावर तो वापरला जातो तो नव्हे, असं काहीतरी विद्वत्तापूर्ण लिहिलं. तू वही मिटलीस. लेख मी 'मूक'सकटच पाठवला. आज कबूल करतो, तू बरोबर होतीस. कल्याणच्या एका लग्नातच मला ते कळायला हवं होतं. हॉलमध्ये डीजे लागला होता, आम्ही चारशे माणसं एकमेकांच्या कानात ओरडत होतो, "काऽय?", "जेवलात का?", आणि एकाही वाक्याला धड उत्तर मिळत नव्हतं. तू स्टेजजवळ होतीस, हमीदा पार दाराशी. तुम्ही दोघी त्या गदारोळात, अख्ख्या हॉलच्या डोक्यांवरून, निवांत गप्पा मारत होतात. त्या दिवशी मुकं कोण होतं?

आता ते पत्र.

ऋचाने जुनं काही लिखाण आहे का विचारलं, तेव्हा तू कपाटातून साडीचा खोका काढलास. त्यात माझ्याकडून परत आलेली तुझी सगळी पत्रं होती. लाल शाईची. एकही फेकलं नव्हतंस. ऋचा एकेक वाचत गेली आणि उत्साहाने म्हणाली, "काका, या चुका नाहीत! बघा, काळ आधी, मग माणूस, प्रश्नाचा शब्द सगळ्यात शेवटी. त्या मराठी शब्द वापरून स्वतःच्या भाषेचं वाक्य लिहितायत. कोकणातला माणूस मुंबईची हिंदी बोलतो तेव्हा होतं ना, सेम तसं."

मग तिने एक पत्र मोठ्याने वाचलं. "आई आजारी बरी? डॉक्टर म्हणाले काय?"

मी ते ओळखलं. तू सोळा वर्षांची होतीस. 'डॉक्टर म्हणाले काय'वर मी लाल रेघ मारली होती आणि वर लिहिलं होतं, 'डॉक्टर काय म्हणाले?' बाजूला समासात टीप होती: 'काय' शेवटी घातलं की अर्थ बदलतो, 'डॉक्टर म्हणाले का' असा होतो. टीप अचूक आहे. आजही वर्गात तीच देईन. फक्त डॉक्टर काय म्हणाले, ते मी लिहिलं नव्हतं. बाबांचं म्हणणं होतं, तिची परीक्षा आहे, कळवू नकोस. पण म्हणून मी टाळलं, असंही नाही. मला तो प्रश्न दिसलाच नव्हता. मला वाक्य दिसलं होतं.

आई अकरा दिवसांनी गेली. तू कोपरीला पोचलीस ती दुसऱ्या दिवशी.

ऋचाने तुला विचारलं, मग उत्तर आलं का? तू सांगायला लागलीस. आईला तू पुन्हा डावीकडे ठेवलंस. टपालाची वेळ, वसतिगृहाचं फाटक, रोज उभी राहणारी तू. मग पाकीट, मग लाल शाई. ऋचा मला शब्दाशब्दाने सांगत होती. तुझा चेहरा शांत होता. तू नकाशावर रेघ ओढावी तसं, न थरथरता, सगळं सांगितलंस.

मी म्हणालो, "चहा टाकतो." आणि उठलो. एवढंच केलं मी, कुंदा.

त्या रात्री वहीत चार ओळी लिहिल्या आणि फाडल्या. मराठीत माफी मागणं मला खोटं वाटायला लागलं होतं. ज्या भाषेत अपराध केला, त्याच भाषेत पुन्हा पत्र लिहून तुझ्या हातात द्यायचं? तू त्यातही 'घर'चं 'घरी' शोधत बसली असतीस. मी ठरवलं, तुझ्या भाषेत सांगायचं. ऋचा मला शिकवायला लागली. तुला वाटलं, म्हाताऱ्याला छंद लागला. माझी बोटं वळायची नाहीत, मी जागा चुकवायचो. तू माझा हात धरून दोन बोटं वर सरकवायचीस आणि पुन्हा करायला लावायचीस. पाण्याचा पेला मात्र कधी अडवून धरला नाहीस.

दीड वर्षात मी रोजच्या गोष्टी बोलायला लागलो. दूध आलं. गुडघा दुखतो. हमीदाला उशीर होईल. ते वाक्य मात्र मी पुढे ढकलत राहिलो. आणखी नीट येऊ दे, मग. व्याकरण चुकायला नको होतं मला. बघ, कसली खोड!

मग तुझ्या छातीत कफ धरला आणि तुला दवाखान्यात हलवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि ऋचा आत गेलो तर तुझे दोन्ही हात पलंगाच्या दांड्यांना पट्ट्यांनी बांधलेले. तू डोळे मोठे करून छताकडे बघत होतीस. ऋचा रडायलाच लागली.

"सिस्टर, हात सोडा तिचे."

"आजोबा, त्या मास्क काढतात हो सारख्या. त्यांच्याच भल्यासाठी बांधलेत."

"ती मास्क काढत नाही. बोलतेय. बहिरी आहे ती, हातांनी बोलते. तुमच्या तोंडाला पट्टी बांधली तर कसं बोलाल तुम्ही?"

माझा आवाज चढला होता. वॉर्डातली माणसं बघायला लागली. सिस्टर तरुण होती, चांगली होती. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली आणि तिने सलाइन नसलेला हात सोडला. मग स्वतःहून तुझ्या उशाशी कागद चिकटवला: 'पेशंट हातांनी बोलतात. हात बांधू नये.' त्यात 'मूक' नव्हतं.

तुझा हात सुटला आणि पहिल्यांदा तू काय विचारलंस? गॅसचं बटण. खालचं बटण बंद केलंस का? मी हो म्हणालो. तुझ्या तोंडी तो प्रश्न गॅसबद्दल नसायचाच, माझ्या काळजीचा असायचा, हे मला तोवर कळायला लागलं होतं. शब्दांचा अर्थ एक आणि माणसाचं म्हणणं दुसरं, भाषाविज्ञानात त्याचीही एक वेगळी शाखा आहे म्हणे.

त्याच संध्याकाळी, ऋचा औषधं आणायला गेली असताना, मी तुझ्यासमोर खुर्ची ओढली आणि ते वाक्य बोललो. जुनं पत्र. तू विचारलंस. मी उत्तर दिलं नाही. चूक माझी. आईला मी डावीकडे ठेवायचं विसरलो, त्यामुळे 'ती'साठी दाखवायला जागाच नव्हती. मी गोंधळलो, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तू शेवटपर्यंत बघितलंस. मग हात उचललास. दोन बोटं जुळवलीस आणि मास्कच्या खाली कुठेतरी हळूच नेलीस. ती खूण मला येत नव्हती. मी मान हलवली. आयुष्यभर तू आमच्या ओठांकडे बघून न कळता मान हलवत आलीस, तशी. दुसऱ्या पहाटे तू गेलीस.

हमीदाला मी ती खूण करून दाखवली. तिने लगेच ओळखली. ती वसतिगृहातल्या मुलींची खूण, ऋचाच्या कुठल्याच पुस्तकात नाही. दोन बोटं हनुवटीला टेकवली तर 'दमले'. छातीला टेकवली तर 'मिटलं, आता भांडण नाही'. "कुठे टेकवली?" तिने विचारलं.

मला आठवत होतं आणि तेच कठीण होतं. तुझा हात कुठेच नीट पोचला नव्हता. तो मध्येच थांबला होता.

हमीदाने दोन्ही जागी बोटं टेकवून बघितली आणि मोबाइलवर लिहिलं, "दोनों होगा." असेलही. मी रोज आरशापुढे उभा राहून दोन बोटं वर नेतो, खाली नेतो. चार बोटांचं अंतर आहे. एवढ्याशा अंतरात अख्खा अर्थ बदलतो, हे मी ऋचाच्या व्हिडिओत थक्क होऊन बघितलं होतं. आता ते मला असं शिकवलं गेलं की विसरणं शक्य नाही. मला उत्तर मिळालं नाही, म्हणून तक्रार करायचा अधिकार मला नाही, तेही खरं.

तेराव्या दिवशी दुपारी तुझी सगळी मंडळी आली. वीसेक जण. कुणी मराठी लिहिणारं, कुणी हिंदी, एक गुजराती, एक तमिळ घरातली, आणि हॉलभर एकच भाषा. तुझ्या नकला झाल्या. तू साहेबांना कशी उत्तरं द्यायचीस, ते दोघींनी करून दाखवलं. मला अर्धं कळलं. अर्ध्यावर मी सगळ्यांच्या मागून हसलो.

शहाडहून एक तरुण जोडपं आलं होतं, दोघंही बहिरी, दहा महिन्यांची मुलगी घेऊन. तिला ऐकू येतं, असं ऋचा म्हणाली. पोर आईच्या मांडीवर बसून एकामागून एक सगळ्यांच्या हातांकडे बघत होती, आपली मुलं ओठांकडे बघतात तशी टक लावून. मग तिने स्वतःचे दोन्ही हात वर केले आणि मनगटं फिरवायला लागली. थांबायची, पुन्हा फिरवायची, एका लयीत.

"काय म्हणतेय?" मी ऋचाला विचारलं.

"काहीच नाही अजून, काका. बडबड आहे ही. आपली पोरं नाही का बाबाबाबा करत? हिने घरात हात बघितलेत, म्हणून ही हातांनी करतेय. काही महिन्यांत यातून शब्द निघतील."

खोलीतले हात एकेक करून थांबले. सगळे तिच्याकडे बघत होते. मी आयुष्यभर भाषा शिकवली, पण ती येताना, अशी कुठूनशी निघून दहा इवल्या बोटांत पोचताना, कधी बघितली नव्हती. कुणी शिकवत नव्हतं. कुणी हात धरत नव्हतं.

पोर माझ्याकडे वळली. तिने मनगटं फिरवली आणि थांबली, माझ्या तोंडाकडे बघत, वाट बघत. मी पुढे सरकून बसलो आणि माझी मनगटं फिरवली. ती हसली. पुन्हा तिची पाळी, पुन्हा माझी. अर्थ काहीच नव्हता, कुंदा, आणि बराच वेळ आम्ही दोघं बोलत होतो.